खांबाजवळची जागा

बुधवार, ५ मार्च

मला हेवा वाटत नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच छापखान्यात गेले. मालकांनी विचारलं, "बाई, कपाळाला शाई लागलीय का?" दर वर्षी हेच विचारतात आणि दर वर्षी मी हसते. आज हसले नाही. औषधाच्या खोक्यात घालायच्या माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत बसले. 'जेवणानंतर'चं 'जेवणांतर' झालं होतं. अशी चूक सापडली की एरवी माझा दिवस बरा जातो.

ही वही फादरांमुळे सुरू झाली. शनिवारी पापनिवेदनाला गेले तर जाळीपलीकडून म्हणाले, "तुम्ही दर वेळी तीच पापं सांगता. चिडचिड, प्रार्थनेत लक्ष नसणं आणि लोकांच्या चुका काढणं. या उपासकाळात साखर-बिखर सोडू नका. त्यापेक्षा अधूनमधून थोडं खरं लिहा. कुणाला दाखवायचं नाही."

तर खरं असं आहे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन संपलं की एकजण माइकपाशी जाऊन सगळ्या जगासाठी मागणं मागतो. युद्धात सापडलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांना अक्कल यावी म्हणून. प्रत्येक मागण्यानंतर सगळे मिळून म्हणतात, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." याला विश्वासूंच्या प्रार्थना म्हणतात. लोकांना वाटतं, त्या कुठल्या तरी पुस्तकातून येतात. त्या माझ्याकडून येतात. कैक वर्षं झाली. आठवडाभर मी पेपर चाळते, कुठे पूर आला, कुठे खाण कोसळली, कुठल्या देशाने कुणाला हाकलून दिलं. शनिवारी बसून लिहून काढते. अनुस्वार जागेवर, स्वल्पविराम जागेवर, कारण स्वल्पविराम चुकला की वाचणारीचा श्वास चुकतो. रविवारी वाचते आणि घरी येऊन कागद रद्दीत टाकते. देवाने एकदा ऐकलं, मग जपून कशाला ठेवायचा?

आज राख लावून झाल्यावर फादरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, या उपासकाळात एक रविवार मी आणि एक रविवार धाकटी.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यावर वर्षभरातच ती नर्स म्हणून दूर देशी निघून गेली, तेही युद्ध चालू असलेल्या देशात. तिथलं इस्पितळ बॉम्बने पडलं आणि दोन महिन्यांपूर्वी ती परत आली. आमच्या मागच्या खोलीत राहते. "त्यांनी जगाचं दुःख डोळ्यांनी पाहिलंय," फादर म्हणाले. मग मी काय चष्म्यातून पाहिलं? आणि फादर हे सांगत असताना धाकटी शेजारीच, मान एका बाजूला कलती करून उभी, फोटोवाल्यापुढे उभं राहतात तशी.

मला हेवा वाटत नाही. राग येतोय, तो वेगळा.

रविवार, ९ मार्च

आज माझी पाळी. प्रार्थना नीट झाल्या. युद्धावरची चांगली उतरली होती, 'सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मातांसाठी' असं लिहिलं होतं. बाहेर आल्यावर कुणी काही बोललं नाही. कधीच बोलत नाहीत, त्याचं एरवी काही वाटत नाही.

पण जागेचं मात्र लिहायलाच हवं. चर्चमध्ये उजव्या हाताच्या खांबाजवळचा बाकाचा कोपरा माझा. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझा. खांबाला टेकता येतं आणि तिथून उठून चटकन माइकपाशी जाता येतं. आल्यापासून धाकटीने तो बळकावलाय. पहिल्याच रविवारी म्हणाली, "ताई, मी या कोपऱ्यात बसू? तू माझ्या डावीकडे बस." विचारलं कसलं, सांगितलंच. आता माइककडे जायचं म्हणजे तिचे गुडघे ओलांडून जायचं. आजही तशीच अडखळत गेले. ती आपली खांबाला चिकटून बसलेली, महाराणीसारखी.

ह्यांना घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "बाकाच्या जागेवरून भांडायला ही काय एसटी आहे?" हे नेहमी तिची बाजू घेतात. धाकट्या भावाची बायको ना, तिच्यावर विशेष माया.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी छापखान्यातून आले तर माझं स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायका. हे इस्पितळ आमच्या धर्मप्रांताचं, आणि आमचे हे त्याच्या समितीवर आहेत. चादरी, रुग्णांचे कपडे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, सगळं या बायका धुतात. म्हणजे धुवायच्या. गेल्या महिन्यात समितीने ते काम एका ठेकेदाराला दिलं आणि या बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. धाकटी आठवड्यातून दोन-तीन दिवस तिथे वॉर्डात फुकट काम करायला जाते, तिथे त्यांची ओळख झाली. म्हणून माझा चहा, माझे कप आणि माझी साखर.

मी दारातून हाक मारली, "अगं, दूध उतू चाललंय!" तिने वळूनही पाहिलं नाही. दोनदा ओरडले. शेवटी मीच धावले. बाहेर राहून आलेल्या माणसांना आपल्या हाकेला ओ देण्यात कमीपणा वाटतो बहुतेक.

त्या बायकांशी मात्र किती गोड! बोलणारीच्या तोंडाकडे अशी एकटक बघत बसते, पापणी न हलवता, की बघणाऱ्याला वाटावं हिच्या आयुष्यात दुसरं काम नाही. इस्त्रीवाली, जी त्यांच्यात जरा पुढे होऊन बोलते, निघताना मला म्हणाली, "तुमच्या जाऊबाई किती मन लावून ऐकतात हो. असं आजवर कुणी ऐकलं नाही आमचं."

याच इस्त्रीवालीला मी चर्चच्या दारात दर रविवारी 'कशा आहात' विचारते. ते कुठे गेलं?

आणि 'आजवर' म्हणे. सासूबाईंचं दुखणं शेवटपर्यंत मी काढलं. त्या काळात रात्रंदिवस त्यांचंच ऐकत होते, तेव्हा कुणी म्हणालं नाही की किती मन लावून ऐकते.

रविवार, १६ मार्च

आज ती उभी राहिली.

तीनच प्रार्थना आणल्या होत्या. म्हटलं, चला, आळशीपण तरी दिसलं लोकांना. आधी म्हणाली, "आज आपण उत्तर थोडं वेगळं देऊया. सगळे म्हणूया: प्रभो, आम्हाला ऐकायला शिकव."

मग पहिली प्रार्थना, ज्या गावावर बॉम्ब पडले तिथल्या ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी. दुसरी, ज्याने बॉम्ब टाकला त्या वैमानिकासाठी, 'तो आज कुठे तरी जेवायला बसला असेल, त्याला घास गिळता येऊ नये आणि मग त्याला क्षमा मिळावी.' असं कुणी लिहितं का? लोकांनी उत्तर दिलं, पण जरा थांबून दिलं. मग तिसरी. "आमच्याच इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांसाठी. त्यांना आपण कामावरून काढलं. आजारी माणसाच्या चादरी धुणाऱ्या हातांना आपण घरी बसवलं, म्हणून."

'आपण' म्हणाली. 'समितीने' नाही. मी तिच्या जागी असते तर 'सर्व कष्टकरी बांधवांसाठी' असं लिहिलं असतं, दर वर्षी लिहितेच. माझ्या शेजारी हे बसले होते, त्यांची मान खाली गेली. सगळं चर्च गप्प झालं. मग मागून कुणी तरी हळूच म्हणालं, आणि मग सगळे म्हणाले, "प्रभो, आम्हाला ऐकायला शिकव."

माझ्या प्रार्थनांनंतर असं गप्प कधी होत नाही. माझ्या प्रार्थनांनंतर लोक खोकतात.

लिहायचं तर खरं लिहिते. माझ्या पोटात दुखलं. आगीसारखं दुखलं. त्या बायकांसाठी नाही. ते वाक्य मला सुचलं नाही म्हणून.

सोमवार, १७ मार्च

घरात वादळ. समितीच्या अध्यक्षांचा ह्यांना फोन, मग ठेकेदाराचा फोन, मग आणखी कुणाचा. "चर्चमध्ये राजकारण," "वेदीसमोर धुणी धुवायला लागले लोक." हे फोनवर नुसते हं हं करत होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तिला काही बोलू नकोस." मी कशाला बोलू? मला आतून गुदगुल्या होत होत्या. तेही लिहून ठेवते, कारण फादरांनी खरं लिहायला सांगितलंय.

दिवसभर मुद्रितं तपासताना ते वाक्य तोंडात घोळत होतं. चूक सापडावी म्हणून घोळवत होते. 'आम्हाला ऐकायला शिकव.' काय ऐकायला? कुणाचं? वाक्यात कर्मच नाही. शाळेत असं लिहिलं असतं तर लाल रेघ मिळाली असती. पुन्हा म्हणून पाहिलं. 'प्रभो, आम्हाला गरिबांचे ऐकायला शिकव.' नाही, हे बिघडलं. कर्म घातलं की बिघडतं. मालकांनी विचारलं, "बाई, काय पुटपुटताय?" म्हटलं, "चूक शोधतेय." "सापडली?" "नाही ना!" असं जरा जोरातच बोलले.

शुक्रवार, २१ मार्च

क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला धाकटी चर्चमध्ये एकटी गुडघे टेकून बसलेली. मी मागून जाऊन तिच्या उजव्या बाजूला टेकले, हळूच म्हणाले, "सरक जरा." ढिम्म हलली नाही. माझा पाय लागला तेव्हा दचकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं ताई, कधी आलीस?" म्हणे कधी आलीस. इतकं नाटक बरं नाही.

रविवार, २३ मार्च

आज माझी पाळी होती आणि आज मी एक प्रार्थना मुद्दाम लिहून नेली.

"जे दूरच्या दुःखासाठी घर सोडून गेले, त्यांना घरी राहिलेल्यांचे कष्टही दिसोत, म्हणून प्रार्थना करूया."

कालपासून हे वाक्य घासत होते. 'कष्टही'मधला 'ही' नीट वजनाने म्हणायचा ठरवला होता, म्हटलाही. सगळ्या चर्चने काही न कळून उत्तर दिलं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." शेकडो माणसांनी माझ्या टोमण्याला मनापासून हो म्हटलं. हेही जोरात म्हणाले. आता वाटतं, देवासमोर सगळ्या गावाला मी आपल्या भांडणात साक्षीदार करून ओढलं. तेव्हा मात्र फार बरं वाटलं.

मिस्सा संपल्यावर धाकटीने दारातच मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. "ताई, दूर गेलेल्यांसाठी कुणी प्रार्थना करत नाही गं. तू केलीस."

अर्धंच ऐकलं बाईने! पुढचं अर्धं कुठे गेलं? आणि आता मी काय करू, उभ्या उभ्या समजावून सांगू की तो टोमणा होता? "बरं बरं," म्हणाले आणि तिची पाठ थोपटली. दिवसभर तोंडाला कडू चव होती.

बुधवार, २६ मार्च

आज फादर छापखान्यात आले. कधी येत नाहीत. चर्चच्या पत्रकाचं निमित्त काढलं आणि कागदांच्या रिळांमध्ये उभे राहून बोलले. समितीने वर बिशपस्वामींच्या कार्यालयात कळवलंय. विश्वासूंच्या प्रार्थनेत घरची भांडणं नकोत. इस्पितळाचा विषय नको. "तर येत्या रविवारपासून पुन्हा तुम्हीच सगळ्या प्रार्थना लिहा. आणि हे... इस्पितळाचं तेवढं राहू द्या."

फादरांचा चेहरा पडलेला होता. याच फादरांनी माघात, म्हणजे उपासकाळाच्या आधी, प्रवचनात सांगितलं होतं की मजुराचा हक्क मारणं हे आभाळापर्यंत ओरडणारं पाप आहे. मी म्हटलं, "फादर, तुम्हाला हे पटतंय?" ते म्हणाले, "मला वेळ हवाय." मग एक पत्रक उचललं, वाचल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं.

म्हणजे जे हवं होतं ते मिळालं. सगळंच्या सगळं, परत.

"त्यांना तुम्हीच सांगाल का?" फादरांनी विचारलं. सांगते म्हटलं. सांगायला मजा येईल असं वाटत होतं.

संध्याकाळी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिच्या मागे उभी राहून सगळं सांगितलं. फादर आले होते, असं असं म्हणाले, तू आता वाचायचं नाहीस. ती चिमटे लावत राहिली. एकामागून एक. हूं नाही की चूं नाही. माझं डोकंच फिरलं. एवढं मोठं सांगतेय आणि बाईसाहेब पाठ करून उभ्या! मी तरातरा समोर गेले आणि एकेक शब्द सुटा करून तोंडावर म्हणाले, "तू. आता. वाचायचं. नाहीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओला टॉवेल तसाच हातात. मग म्हणाली, "बरं झालं ताई. तू वाचतेस ते मला नीट कळतं. शब्द सुटे सुटे म्हणतेस ना."

टोमणाच तो. माझ्याच सुरात मला परत केला.

मग दोरीकडे वळता वळता म्हणाली, "त्या बायकांना फक्त विसरू नकोस हं. त्यांना वाटतं चर्चने त्यांचं नाव घेतलं. धुणं धुणाऱ्यांचं नाव कुणी घेतं का?"

शनिवार, २९ मार्च

प्रार्थना लिहिल्या. पाच. इस्पितळ नाही. चौथी 'सर्व कष्टकरी बांधवांसाठी, त्यांच्या श्रमाला न्याय मिळावा म्हणून.' कुणाला बोट दाखवायला जागा नाही. ह्यांना वाचून दाखवली. "छान आहे," म्हणाले आणि टीव्ही लावला.

उद्या लवकर जाऊन माझी खांबाजवळची जागाही परत घेणार आहे. द्यायचंच तर सगळं परत द्या.

रविवार, ३० मार्च

क्रमाने लिहिते, नाही तर लिहिताच येणार नाही.

मी लवकर गेले आणि खांबाजवळ बसले. धाकटी आली, कोपऱ्याकडे पाहिलं. मी पर्स मांडीवर ठेवून समोर वेदीकडे बघत राहिले. धुलाईघरातल्या बायका डावीकडच्या रांगेत खिडकीशी बसल्या होत्या, तिकडे जाऊन ती त्यांच्यात बसली. खिडकीबाहेर रस्ता, गाड्यांची ये-जा. मला वाटलं, रुसली. रुसू दे.

प्रवचन संपलं. मी उठले, कुणाचे गुडघे न ओलांडता माइकपाशी गेले. कागद उलगडला. आणि म्हणाले, "प्रत्येक प्रार्थनेनंतर आपण सगळे म्हणूया: प्रभो, आम्हाला ऐकायला शिकव."

माझ्याच तोंडून. दोन आठवडे चूक काढायला ते वाक्य घोळवत होते, ते जिभेवर बसून राहिलं होतं, आणि नेमकं तिथे सुटलं. आयुष्यभर लोकांच्या चुका काढून पोट भरलं मी, आणि माझी चूक माइकमधून सगळ्या चर्चने ऐकली. दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण करणार काय? माइकसमोर 'चुकलं, चुकलं' म्हणायचं? पहिली प्रार्थना वाचली.

सगळे म्हणाले, "प्रभो, आम्हाला ऐकायला शिकव."

आणि त्या सगळ्या आवाजांत एकच आवाज, खिडकीकडून, मोठ्याने, एकटाच: "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

धाकटी. माझं नेहमीचं उत्तर म्हणत होती. माझा दिवस म्हणून माझं उत्तर. तिच्या शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं. बाकांवरच्या मुली खुदखुदल्या. तिला काय झालं ते कळलंच नाही. दुसऱ्या प्रार्थनेनंतर पुन्हा तेच. सगळे एक म्हणतायत आणि ती एकटी, डोळे मिटून, खणखणीत आवाजात माझं जुनं वाक्य म्हणतेय.

मी माइक धरून उभी होते आणि मला सगळं दिसायला लागलं. खांबाला लावलेली उजवी बाजू. कलती मान. उतू गेलेलं दूध. बोलणारीच्या ओठांवरून न हलणारी नजर. चिमटे लावणारी पाठ. अर्धी ऐकलेली प्रार्थना. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्यानेही जेमतेमच येत असणार. बॉम्ब पडला तेव्हापासूनच असणार. आणि डावा कान मी आज माझ्या हाताने त्या रस्त्याकडे पाठवला होता.

मी कागदावरून मान वर केली. सरळ खिडकीकडे तोंड केलं. तिने डोळे उघडेपर्यंत थांबले, लोकांना वाटलं असेल बाई विसरल्या. मग तिसरी प्रार्थना तिच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हटली, आणि शेवटी तिच्यासाठीच उत्तरही म्हटलं. तिच्या ओठांनी ते उचललं. आधी गोंधळली, मग हसली.

मग चौथी आली. 'सर्व कष्टकरी बांधवांसाठी.' कागदावर माझ्याच अक्षरात. तिच्याभोवती त्या बायका बसल्या होत्या, इस्त्रीवाली पदराने मान पुसत होती, आणि माझी नजर 'बांधव' वर अडली. बांधव कुठे आहेत इथे? मला चुकीचा शब्द दिसला की सोडता येत नाही. शिवाय खरं सांगते, मनात हेही आलं, की तिचं वाक्य चोरलंच आहे तर अर्धंच कशाला चोरायचं. मी म्हणाले, "बांधवांसाठी नाही. बायकांसाठी. आपल्या इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांसाठी, ज्यांना आपण काढलं, आणि ज्या आज इथे बसल्या आहेत."

ह्यांच्याकडे पाहिलं नाही. फादर डोळे मिटून बसले होते. कुणी खोकलं नाही.

घरी परतताना हे दहा पावलं पुढे चालत होते. भात संपल्यावर ताटाकडे बघत म्हणाले, "मंगळवारी समिती त्या बायकांना बोलावतेय. ऐकून घ्यायला. फक्त ऐकून घ्यायला, आणखी काही समजू नकोस."

मंगळवार, १ एप्रिल

समितीत काय झालं ते अर्धंमुर्धं कळलं. ठेकेदाराच्या करारावर अजून सही झालीच नव्हती. सही तूर्त थांबवली. बायकांना पुढची बैठक होईपर्यंत कामावर घेतलंय. पुढे काय, देव जाणे. हे म्हणाले, इस्त्रीवाली तासभर बोलली आणि अध्यक्षांना पहिल्यांदाच कळलं की धुलाईघरात पंखा नाही.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले आणि तिच्या डाव्या बाजूला बसले. मुद्दाम. तिने ते ओळखलं.

"आम्हाला सांगायचं तरी," मी म्हणाले. "मी तुला काय काय समजत होते."

"काय समजत होतीस?"

"शिष्ट."

ती खळखळून हसली. "बहिरी म्हटलं की लोक मोठ्याने ओरडतात आणि कामावर घेत नाहीत. म्हणून नाही सांगितलं. फक्त भावोजींना सांगितलं होतं. तुझ्या कानावर घालू नका म्हटलं होतं."

म्हणून हे 'तिला काही बोलू नकोस' म्हणत होते. मला वाटत होतं, माया.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझं ते वाक्य पंधरा दिवस माझ्या डोक्यावर बसलंय. मी त्यात चूक शोधत होते. कसं सुचलं तुला ते?"

"मला कुठलं सुचायला? ते तुझंच."

"माझं?"

"आमच्या ह्यांच्या मिस्सेला, हे गेले तेव्हा, तू लिहिलं होतंस ना. 'जे बोलायचं राहून गेलं त्यासाठी, प्रभो, आम्हाला ऐकायला शिकव.' सगळं विसरले मी त्या दिवसाचं, तेवढं राहिलं. तिकडे रोज म्हणायचे. मला वाटलं तू ओळखशील. मी पहिल्यांदा वाचलं त्या रविवारी म्हणूनच तुझ्याकडे बघत होते."

मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. तो कागद रद्दीत गेला असणार, मीच टाकला असणार. आणि धाकटी माझं मन राखायला असं काही सांगणार नाही असंही नाही, तिला तेवढं सुचतं.

म्हणजे तिचं खरं असेल तर पंधरा दिवस मी माझाच हेवा करत होते. आणि खोटं असेल तर ती खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलते. दोन्हीकडून माझंच हसं.

रविवारी खांबाजवळ तीच बसेल. मी तिच्या डावीकडे. गुडघे ओलांडून जावं लागेल, त्याला इलाज नाही.